अंधाराची फेरतपासणी

दूध उतू जाण्याच्या आत जयाने पातेले खाली घेतले, चहा गाळला आणि खांद्याने कानाशी धरलेला फोन सरळ केला. खोलीबाहेरच्या नळाला पाणी आले होते. एक बादली भरत होती, दुसरी रांगेत होती. चंद्रपुरातली तिची रोजची सकाळ अशीच असे.

"येऊन राह्यली ना वं पोळ्याले?" पोंभुर्ण्याजवळच्या गावाहून तिची आई, सुगंधाबाई, विचारत होती. "तुहे बाबा रोज पुसते."

"येतो आई. या आठवड्यात मी रोगाच्या खोलीत पायच नाई टाकला."

"लोकं म्हंतेत, मुखरूची पोरगी तिथी रोग पोसून राह्यली. मी म्हटलं, पोसते, पण पिंजऱ्यात!"

जया हसली. जनावरांच्या रोगांवरच्या त्या संशोधन केंद्रात ती तंत्रज्ञ होती. जिवंत विषाणू हाताळणाऱ्याने नंतर आठवडाभर निरोगी गुरांजवळ जायचे नाही, असा तिथला नियम होता. त्यामुळे तिचे दोन पोळे हुकले होते. त्याआधीच्या वर्षी लम्पीने, गुरांच्या अंगावर गाठी आणणाऱ्या साथीने, त्यांच्या बैलजोडीतला मोऱ्या नेला. चांद्या तेवढा वाचला. यंदा त्याच्या खांद्याला हळद आपल्या हाताने लावायची म्हणून ती आठवडाभर बाहेरच्या खोलीत, संगणकापुढेच काम करीत होती.

केंद्रात पोहोचताच आदेश या चिमूरच्या सहकाऱ्याने तिला पडद्यापुढे ओढले. "ताई, पाहा न! सगळा काळोख. फटाके फोडाचे काय?"

लम्पीच्या विषाणूत त्यांनी उजेडाचे जनुक बसवले होते. विषाणू ज्या पेशीत वाढे, ती सूक्ष्मदर्शकाखाली हिरवी चमके. औषध लागू पडले, तर उजेड मावळायला हवा होता. बिनऔषधाच्या पेशी हिरव्यागार चमकत होत्या. औषध घातलेल्या पेशी जिवंत होत्या आणि पूर्ण अंधारात होत्या.

जयाने केंद्रप्रमुख गिरजा मॅडमकडे पाहिले. "मॅडम, औषध पिवळंजर्द आहे. विषाणू थांबला, की औषधाच्या रंगानं उजेडच गिळला?"

"माझ्याही मनात तेच आहे," मॅडम म्हणाल्या. "तिथला द्रव पातळ करून ताज्या पेशींवर घालायला हवा. विषाणू उरला असेल, तर पुन्हा उजेड दिसेल."

पण आत एकट्याने काम करण्याची मनाई होती. आदेशच्या जोडीने आत जाणारा प्रणित बायकोच्या बाळंतपणासाठी गडचिरोलीला गेला होता. आत जाण्याची परवानगी आणखी एकीलाच होती, जयाला.

"तुम्ही गावाले जा, ताई," आदेश म्हणाला. "मी इथी उंदराले झूल घालून पोळा करतो."

"पोळ्यानंतर करू," मॅडमनी दुजोरा दिला. "वासरांचे औषध आठवडाभर पुढे ढकलू."

वासरे एटापल्लीकडून चाचणीसाठी आणलेली, लम्पी झालेली होती. आवाराच्या टोकाच्या गोठ्यात ती अंगभर गाठी घेऊन उभी होती. एकाने कालपासून वैरणीला तोंड लावले नव्हते. त्यांना आठवडा मिळेल की नाही, हे कुणी सांगू शकत नव्हते. जयाला मोऱ्याचे शेवटचे दिवस ठाऊक होते.

तिने कानांतले डूल काढले, कप्प्यात ठेवले आणि आत घालायचे कपडे उचलले.

"चाल आदेश. उंदराची झूल मंग शिव."

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी दोघांनी ताज्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या. बिनऔषधाचा द्रव घातलेल्या पेशी लखलखत होत्या. औषधाच्या रांगेत जया ताटलीतली पेशींची एकेक खाच पाहत गेली. कुठेही हिरवा ठिपका नव्हता. ती पुन्हा पहिल्या खाचेपासून निघाली आणि पुन्हा अंधारातच पोहोचली. आदेशने एवढ्या जोराने आरोळी ठोकली, की मुखपट्टीमागूनही ती घुमली. काचेपलीकडे मॅडम टाळ्या वाजवत होत्या. आवाज येत नव्हता, हात तेवढे दिसत होते.

संध्याकाळी तिने वडिलांना फोन केला. "बाबा, मी नाई येत."

"रोगाच्या खोलीत शिरली?"

"शिरलो."

"अन् औषध?"

"लागू पडलं, बाबा. काचेतल्या पेशींवर तरी."

"मंग रडून काऊन राह्यली?" मुखरू फोन घेऊन गोठ्यात गेला. "धर, फोन लावला चांद्याच्या कानाले. आवतन तूच दे."

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे हळद-लोण्याने मळायचे आणि त्याला दुसऱ्या दिवसाच्या जेवणाचे आमंत्रण द्यायचे, ही गावची रीत. पलीकडे घंटी किणकिणली, एक जड श्वास ऐकू आला.

"आज आवतन घ्या," जया म्हणाली, "उद्या जेवाले या."

"कान हालवला वं त्यानं!" मुखरू ओरडला. मग दूर कुणालातरी मोठ्याने सांगू लागला, "माह्या पोरीनं औषध काढलं, लम्पीवर!"

दुसऱ्या दिवशी केंद्राला सुट्टी होती. औषध सुट्टीनंतर सुरू करायचे ठरले होते. जयाने रात्रीच मॅडमना विचारून ते पोळ्याच्याच दिवशी सुरू करायची परवानगी घेतली होती. तिला वर्ज्य होती ती निरोगी गुरे; या आजारी वासरांजवळ जायला मनाई नव्हती. गोठ्यात जाऊन तिने न खाणाऱ्या वासराची मान काखेत घेतली. गाठी चुकवत त्याच्या खांद्यावरून हात फिरवला. मग जबड्याच्या कडेने पिवळे औषध सोडले, घोट गिळला जाईपर्यंत हनुवटी वर धरून ठेवली आणि ती पुढच्या वासराकडे वळली.