विनूचं बसणं

बासरच्या सरस्वतीच्या देवळात विनूच्या अक्षराभ्यासाच्या, म्हणजे पहिलं अक्षर गिरवायच्या विधीच्या वेळी काय घडलं, ते आमच्या घरात दोन तऱ्हांनी सांगितलं जातं. आमचे हे सांगतात, भटजींनी हात धरायच्या आतच पोरीनं तांदळात स्वतःचं नाव लिहून टाकलं. सासूबाई सांगतात, तिनं ताट लाथाडलं आणि थेट गोदावरीच्या घाटाकडं पळत सुटली. दोन्ही खरं आहे. तिच्या मागं धावले मी, मला विचारा.

विनू म्हणजे विनोदिनी, आमची एकुलती एक, तेव्हा पाच वर्षांची. आमच्या आदिलाबादच्या बसस्टँडवर तेलुगू पाट्या घडाघड वाचायची, आणि आमच्या घरात कुणाला धड तेलुगू येत नव्हती. पण घटकाभर बूड टेकवेल तर शपथ! जेवण अर्धं, वेणी अर्धी, गोष्ट अर्धी. टेलिफोन खात्यातले आमचे हे ऑफिसभर तिचे गुण गात हिंडायचे. आपला तो बाब्या! माझ्या जिवाला मात्र घोर लागला होता.

शाळेच्या मॅडमनी सांगितलं म्हणून आम्ही तिला नागपूरला डॉक्टरांकडं नेलं. ते बिचारे भले होते. म्हणाले, "काही मुलांना मुळातच एका जागी बसवत नाही. काही इतकी हुशार असतात की वर्गात कंटाळतात. बाहेरून दोघं सारखीच दिसतात. महिनाभर नुसतं बघा. मनासारख्या कामातही बसत नसेल, तर ही गोळी अर्धी सुरू करा. बसत असेल तर गोळी नको."

"आणि दोन्ही असेल तर?" मी विचारलं.

"तसंही असतं," ते म्हणाले. आता यावर माणसानं करावं काय?

मी बघत राहिले. चोरावर पाळत ठेवावी तशी पोटच्या पोरीवर ठेवली. एकदा ती चित्राचे तुकडे जुळवायला बसली, तेव्हा मी पोळ्या टाकून दारात उभी. देवा, बसू दे हिला, एवढंच मनात. अर्धं चित्र झालं आणि उठली. का उठलीस, म्हटलं, तर म्हणते, "कळलं ना आता कोणता कुठं जातो ते!" उरलेला एकेक तुकडा दाखवला, तर तिनं जागा बरोबर सांगितली. पण सांगताना पलंगावर उड्या चालूच. कळलं म्हणून उठली, की बसवेना म्हणून? मी तिची आई, आणि मला ओळखता येईना.

महिना संपायच्या आधीच मॅडमनी मला फाटकात गाठलं. "अम्मा, सोमवार से दवा देके भेजो. नहीं तो मत भेजो."

रविवारी जेवताना घरात जुंपली.

"हुशार पोरीले गोळ्या देता?" हे ताट सरकवून म्हणाले.

"हुशार हाय तं बसून काऊन राह्यत नाई?" सासूबाईंनी सुनावलं. "शाळेतून काढलं तं काय करसान? गोळी द्या आन् मोकळे व्हा!"

मी म्हटलं, "द्यायची. उद्यापासून." माझा आवाज चढला होता. भीती वाटली की माझा आवाज चढतो. विनू तिथंच उंबऱ्यावरून उड्या मारत होती. तिचं इकडं लक्ष असेल, असं कुणाच्याच मनात आलं नाही.

सोमवारी सकाळी अर्धी गोळी वाटीत काढली, दूध ओतलं, आणि माझा हात पुढं होईना. गोळी मोरीत टाकली आणि तिला तशीच शाळेत पाठवली. घरात कुणाला सांगितलं नाही. मग मात्र कशात जीव लागेना. भाजी करपली. पोरीला वर्गाबाहेर उभं केलं असेल, दप्तरासकट घरी धाडतील, असं काहीबाही डोक्यात येत होतं. शेवटी दुपारच्या सुट्टीच्या आधीच मी शाळा गाठली.

मॅडम हसत सामोऱ्या आल्या. "देखो अम्मा, सुबह से हिली भी नहीं! दवा शुरू करी ना?"

मी खिडकीतून पाहिलं. विनू हाताची घडी घालून बसली होती. इतके दिवस जे देवाकडं मागत होते ते समोर होतं, आणि मला ते बघवेना. तिचं तोंड लालबुंद झालं होतं. खालचा ओठ दातांत धरलेला होता.

घंटा झाली. पोरं डबे घेऊन पळाली. विनू उठली नाही. मी आत गेले आणि वाकून पाहिलं. वेण्यांच्या दोन्ही रिबिनी सोडून तिनं आपले पाय बाकाच्या पायाला करकचून बांधले होते. घोट्यांवर वळ उठले होते.

मी गाठीला हात घातला तशी ती ओरडली, "सोडू नको आई! सोडलं की मी पळीन!"

"कोणी सांगितलं गं तुला असं करायला?"

"कोनीच नाई. तूच म्हनत होती ना, गोळी द्यायची. आता बसली ना मी? आता नाई ना देनार?"

मॅडम मागं उभ्या होत्या. मला तिथंच रडू फुटलं. एवढा विचार करणारी पोर हुशार म्हणावी, की बांधल्याशिवाय बसवत नाही म्हणून आजारी, ते मला तेव्हाही कळलं नाही. तिला मात्र इतके दिवस एवढंच कळत होतं की, ती आहे तशी आम्हाला नको आहे.

"नाही देणार," मी म्हटलं. गाठ काही केल्या सुटत नव्हती. शेवटी मी दातांनी सोडवली.