जांभळी जीभ

रुपेशनं बेल वाजवली तेव्हा गिरिजानं अपूर्वाला आतल्या खोलीत बसवून दार ओढून घेतलं होतं. मोठी काळी पिशवी उघडून ती दारात उभी राहिली.

"बूट बाहेरच. कपडे यात टाक. आणि सरळ बाथरूममध्ये जा, कशाला हात लावू नकोस."

"अगं, मी काय कुणाला पोचवून आलोय का?"

"अख्खं गाव," गिरिजा म्हणाली.

तो हसला, पण गेला. गिरिजाच्या माहेरी, सांगलीला, स्मशानातून आलेली माणसं मागच्या दारी अंगावर पाणी घेतल्याशिवाय उंबरा ओलांडत नसत, पोरांना शिवत नसत. शारजातल्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटला मागचं दार कुठून आणायचं? पण या भीतीवर तिच्याजवळ दुसरा उपायही नव्हता.

रुपेश एका मराठी व्यापाऱ्याच्या कंपनीत होता. युरोपातून दूध पावडरीचे कंटेनर खोर फक्कानच्या बंदरात उतरत, आणि त्यांची कागदपत्रं रुपेश बघे. चेर्नोबिलची अणुभट्टी फुटल्यापासून आखातात युरोपच्या मालाला रेडिएशन नसल्याचं सर्टिफिकेट लागायचं. 'कागद नाही तर कंटेनर हलत नाही,' हे तो घरीसुद्धा दहादा म्हणायचा. आता नवी डेअरी बघायला कंपनीनं त्याला कीव्हला पाठवलं, आणि तिथल्या माणसांनी पाहुण्याची हौस म्हणून त्याला चेर्नोबिलच दाखवायला नेलं. हॉटेलातून फोनवर तो म्हणाला होता, "टूर असते गं. गाइड असतो, त्याच्याकडे मीटर असतो. लोक फोटो काढायला जातात."

"तू जाऊ नकोस," एवढंच ती म्हणाली होती.

तो गेला. इकडे ती फोनची लाइन अडवून इंटरनेटवर वाचत बसली. एक पान सांगे, तिथल्या एका दिवसात विमानप्रवासापेक्षा जास्त काही अंगाला लागत नाही. दुसरं सांगे, जमिनीवर बसू नका, शेवाळावर पाय देऊ नका. बी.एस्सी.ला तिचा केमिस्ट्री विषय होता. किरणोत्सारी सीझियम निम्मं व्हायला तीस वर्षं लागतात, हे तिला पाठ होतं. स्फोटाला सतराच झाली होती.

आंघोळ करून आल्यावर रुपेशनं सगळं सांगितलं. गाइडनं डांबरी रस्ता सोडू दिला नाही. बाहेर पडताना गेटवर एका चौकटीत उभं केलं, हात-पाय टेकवायला लावले, हिरवा दिवा लागला तेव्हाच सोडलं. मग तो म्हणाला,

"तिथं ओस पडलेल्या गावात एका बाल्कनीत कपडे वाळत घालायची दोरी होती अजून. कपडे नव्हते. चिमटे होते."

आतलं दार उघडून गिरिजानं अपूर्वाला बाहेर सोडलं, आणि पोर धावत जाऊन बापाच्या गळ्यात पडली.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, सुट्टी. गिरिजाला उठायला उशीर झाला. स्वयंपाकघरात अपूर्वा खुर्चीवर पाय हलवत बसली होती. गिरिजाची नजर तिच्या ओठांवर गेली आणि तिथेच थांबली.

"जीभ दाखव."

अपूर्वानं जीभ बाहेर काढली. भरपूर जांभळं खाल्ल्यावर होते तशी गडद जांभळी.

"बाबा गेव्ह मी. इट्स यमी, मम्मा."

ओट्यावर काचेची बरणी होती. लेबल नाही, झाकणावर फुलाफुलांचं फडकं बांधलेलं. आत काळपट निळा जॅम, वरून दोन चमचे कमी झालेला.

"रुपेश! हे कुठलं?"

तो दात घासता घासता बाहेर आला. "अगं, आमच्या तिथल्या ड्रायव्हरच्या आईनं दिलं. तिचं घर गेटच्या बाहेर आहे. बाहेर! आत मी पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही."

"फळं कुठली आहेत?"

"तिथलीच. रानातली."

"गेट रस्त्याला असतं रे. रानाला असतं का?"

रुपेशचा ब्रश थांबला. ती म्हणाली, "दूध पावडरीच्या पोत्यापोत्याचा कागद मागतोस तू. आणि पोरीच्या तोंडात हे घातलंस?"

"सत्तरीची बाई होती, गिरिजा. चहाबरोबर स्वतःच्या हातानं वाढत होती. मी नको म्हटलं तर तिनं कमरेएवढा हात धरून विचारलं, घरी एवढं लहान आहे का. मी हो म्हटलं." तो खुर्चीत बसला. "तोंडावर नाही कसं म्हणायचं?"

गिरिजानंही नाही म्हटलं नसतं. ते तिला ठाऊक होतं, म्हणून तिला जास्तच राग आला.

दोन मजले खाली शहनाझआपा राहायच्या. दापोलीकडच्या, खाजगी लॅबमध्ये केमिस्ट. रुपेशच्या कंपनीच्या मालाचे नमुने त्यांच्याकडेच जात. शनिवारी सकाळी बरणी त्यांच्याबरोबर गेली. शिशाच्या जाड पेटीत ठेवून रेडिएशन मोजायचं, वेळ लागतो, म्हणाल्या. तोवर गिरिजा अपूर्वाचं कपाळ चाचपत राहिली. उजेडात नेऊन जीभ बघायची, परत थोड्या वेळानं बघायची. रविवारपर्यंत जीभ गुलाबी झाली, तरी ती बघतच होती.

रविवारी दुपारी शहनाझआपांनी बोलावलं.

"मर्यादेच्या वर आहे," त्या म्हणाल्या. "थोडं नाही, बरंच."

गिरिजा तशीच जायला वळली.

"अगो, बस आधी. ऐक. ती मर्यादा रोज खाणाऱ्यासाठी असते, वर्षभर. दोन चमच्यांनी पोरीला काही व्हायचं नाही. अंगात कायमचं राहतही नाही ते. लहान मुलांच्या तर लवकर निघून जातं."

"लिहून द्याल?"

"बरणीचं देईन. पोरीचं कोण लिहून देणार? माझ्या दोन पोरांचं मला कुणी दिलं नाही."

गिरिजा म्हणाली, "आणि तो तिथे फिरून आला, त्याचं काय?"

"रस्त्यानं चालला, आत काही खाल्लं नाही, गेटवर तपासून सोडला. तेवढ्या फिरण्यात घाबरण्यासारखं काही नाही. तू दारात अडवलंस ते त्याला. बरणी बॅगेतून आत आली."

"ती म्हातारी रोज खात असेल, आपा. तिला कुणी सांगितलं नसेल?"

"सांगितलं असेलच, इतकी वर्षं झाली. सांगून ती दुसरं काय खाणार?" त्यांनी फडक्याची घडी गिरिजाच्या हातात दिली. "बरणी लॅबमध्येच राहू दे, तिचं काय करायचं ते मी बघते. हे तपासलंय, ठीक आहे."

गिरिजानं फोनवर सगळं रुपेशला सांगितलं. शहनाझआपांचं 'काही व्हायचं नाही' तर दोनदा सांगितलं. तो फक्त "हं" म्हणाला.

संध्याकाळी तो खोर फक्कानहून आला. कुणी काही न सांगता त्यानं बूट बाहेर काढले आणि सरळ बाथरूममध्ये गेला. बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. बाहेर येऊन तो बाल्कनीच्या दाराशी, सगळ्यांपासून लांब खुर्ची ओढून बसला. अपूर्वा धावली तसा त्यानं हात आडवा धरला.

"नको बेटा. मम्माकडे जा."

अपूर्वा मधेच थांबली आणि आईकडे बघू लागली.

गिरिजाला त्याचा तो आडवा हात बघवेना. गुरुवारी दारात पिशवी धरून ती अशीच उभी होती. तिनं अपूर्वाला उचललं, बाल्कनीपाशी गेली आणि त्याच्या मांडीवर ठेवलं.

"खलास. झाली आंघोळ. धर तिला."

"गिरिजा, मीच माझ्या हातानं..."

"माहितेय. धर."

त्यानं आधी एक हात ठेवला, मग दुसरा. अपूर्वानं त्याच्या ओल्या केसांना हात लावला, हात फ्रॉकला पुसला.

"बाबा, डू यू वॉन्ट टू सी माय टंग?"

"दाखव," रुपेश म्हणाला.

अपूर्वानं आ केला. गिरिजानं दिवा लावला, आणि दोघंही वाकून बघत राहिले.