कवचाविना सुफैला

दोन वर्षांच्या बंदीनंतर हदबीन गावचा समुद्र उद्या सकाळी सुफैलासाठी, म्हणजे खडकाला चिकटून राहणाऱ्या कवचवाल्या महागड्या समुद्री गोगलगायीसाठी, उघडायचा होता, आणि आज भर दुपारी तपासनीस हिलालला खडकाच्या कपारीत एक थैली सापडली. आत सुफैलाचं नुसतं मांस. कवचं काढून फेकलेली, मग मापाची पट्टी लावायची कशाला? नऊ सेंटीमीटरच्या आतली, काढायला मनाई असलेली पिल्लंच असणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

"अबू सालेम," हिलाल महादला त्याच्या मुलाच्या नावावरून मानाने हाक मारत म्हणाला, "गाव स्वतःच राखण करील असा शब्द तुम्ही दिलात, म्हणून हंगाम उघडला. आता मला नाव हवं. नाव नसेल तर मी वर कळवणार, आणि उद्या कुणीच पाण्यात उतरणार नाही."

महाद गावच्या समुद्र-पंचायतीचा म्होरक्या. थैलीची गाठ त्याने पाहताक्षणी ओळखली. अशी दुहेरी गाठ गावात एकच बाई मारायची, तुफूल, त्याची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं, बुडी मारायला शिकवलं. उचललेला दगड होता तसाच परत ठेवायचा, खाली पिल्लं असतात, हेही तिनेच सांगितलेलं. त्याला संताप आला आणि रडूही.

सारा गाव जमला होता. तुफूलही त्यात उभी होती, खाली बघत.

"काय रे महाद, दातखीळ बसली का?" म्हातारा बखीत खेकसला. "आमच्या पोटावर पाय आणतोस की काय?"

"बाहेरचे कुणी असतील," एक बाई म्हणाली. लगेच सगळ्यांच्या माना डोलल्या.

"बाहेरचे हे काही नाव नाही," हिलाल म्हणाला आणि हंगाम उघडायचा कागद मिटू लागला.

"थांब." महादने हात वर केला. "तुफूल. माझी बहीण."

तुफूल पुढे आली आणि तिने सुफैला काढायचा आपला परवाना हिलालच्या हातात ठेवला.

"का केलंस गं असं?" महादने विचारलं.

"उद्या सगळे तुटून पडणारच होते. म्हटलं, मीच का मागे राहू? चाळीस वर्षं नियमानं वागले, कुणी दखल घेतली?"

नाव मिळालं, तसा हंगाम वाचला. हंगामाच्या आदल्या संध्याकाळी महाद नेहमी तिच्याकडे जेवायचा. लोक पांगल्यावर त्याने हळूच विचारलं, "येऊ ना जेवायला?"

"ये की," ती म्हणाली. "पण मासळी तूच आण. मी आता कुठल्या तोंडानं या किनाऱ्यावर येऊ?"