गिरिजाबाईंचं वय

अक्षताच्या हातातल्या बोळ्यावर सासूचे पांढरे केस उतरले होते. केसांमागून कपाळावरच्या आठ्या गेल्या, आणि तिचा हात थांबेपर्यंत गालांच्या सुरकुत्याही त्या चिंधीत गेल्या. चित्रात आता जवळपास तिच्याच वयाची एक बाई बसली होती. काळेभोर केस, भरलेले गाल. अक्षता स्टुलावरून खाली उतरली.

भीमजयंती तोंडावर आली होती. टेंभुर्णीच्या त्या वस्तीत घराघरात रंगरंगोटी चालू होती. खिडकीला निळा ऑइलपेंट देताना सूरजच्या ब्रशचा एक शिंतोडा भिंतीवरच्या आईच्या चित्रावर उडाला. घर पेंटरचं. डाग फरशीवर पडो की हातावर, ‘टर्पेंटाईन घे’ हे उत्तर ठरलेलं. अक्षतानं सासऱ्याच्या फळीवरची बाटली घेतली. निळा डाग लगेच गेला, आणि त्याच्यासोबत कानाजवळची एक पांढरी बट काळी झाली. तिला वाटलं, वर्षांची धूळ निघतेय. मग काय, हौसेनं ती सगळाच चेहरा पुसत गेली. करायला गेली एक आणि झालं भलतंच.

“अहो, जरा इकडं या,” तिनं हाक मारली.

सूरज ब्रश घेऊनच आत आला. त्याचं चौकात फ्लेक्सचं दुकान होतं. बापाचे बोर्ड पोराच्या मशीननं खाल्ले, असं गाव गमतीनं म्हणायचं, आणि ते खोटंही नव्हतं. तो चित्राकडे बघतच राहिला.

“कोण हाय ही?” अक्षतानं विचारलं.

“माय,” तो म्हणाला. “माझी माय हाय ही.”

“मंग आधीची कोण व्हती?”

गिरिजाबाई काविळीनं गेल्या तेव्हा सूरज सातवीत होता. रोज डोळ्यांसमोर असलेल्या माणसात बदल दिसत नाही म्हणतात. भिंतीवरची आई कधी पिकत गेली, त्याला कळलंच नव्हतं. म्हातारी आई त्याच्या इतकी अंगवळणी पडली होती की आपण तिला तसं कधी पाहिलंच नव्हतं, हेच तो विसरला होता. त्याला भडभडून आलं, आणि बायकोपासून ते लपवायचंही भान त्याला राहिलं नाही.

भिवा पेंटर चौकातल्या पुतळ्याच्या कठड्याचं काम आटोपून जेवायला आला. दारातच थबकून त्यानं वास घेतला.

“टर्पेंटाईन कुणी उघडलं?”

त्याची नजर भिंतीकडे गेली आणि तो होता तिथंच उंबऱ्यावर बसला.

“मामा, डाग पडल्ता,” अक्षता म्हणाली. सासऱ्याला ती मामाच म्हणायची. “मला वाटलं धूळ हाय. चुकी झाली माझ्याच्यानं.”

भिवा ओरडला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

“तुझी काय चुकी,” तो म्हणाला. “जुन्या, वाळल्या रंगाला टर्पेंटाईन लवकर जुमानत न्हाई. पण मी वरून राळ लावल्ती. चिडाच्या झाडाला खाच मारली की चीक गळतो. त्याचंच हे टर्पेंटाईन, अन् त्याचीच राळ. एका मायची लेकरं. एकानं हाक मारली की दुसरं उठून जातं त्याच्यासंगं.”

“पण वरून लावायची कशाला?” सूरजनं विचारलं.

“खालच्या गिरजाला धक्का लागू नये म्हणून. राळेचा एक हात दिला, अन् त्याच्यावर दर जयंतीला थोडं थोडं काढत गेलो. कधी दोन केस, कधी एखादी आठी. तुझं लग्न झालं त्या साली डोळ्यापाशी हसल्यावानी रेघा दिल्या. मी एकलाच म्हातारा होऊन राह्यलो. बरं दिसंना ते.”

सूरजनं घाईघाईनं खिशातून मोबाइल काढला. “लग्नाच्या फोटोत भिंत आलीय, बाबा. कॉम्प्युटरवर बराबर पहिल्यासारखं करून देतो. न्हाई तर तुम्हीच काढा पुन्हा. हात तर हायच तुमचा.”

“एकदम?” भिवानं मान हलवली. “एकदम आलेलं म्हातारपण सोसत न्हाई रे माणसाला. तिला सालोसाल दिलं, म्हणून तिनं घेतलं.”

तो उठला आणि चित्राजवळ गेला. चष्मा काढून सदऱ्याला पुसला, परत घातला. गिरिजाबाई त्याच्याकडे पाहत होत्या, पण दारात आलेल्या कुणा परक्या म्हाताऱ्याकडे पाहावं तशा. निदान त्याला तरी तसं वाटलं. त्यानं टकलावरून हात फिरवला. सदऱ्याची वरची गुंडी लावली.

“गिरजा,” तो हळूच म्हणाला, “मीच हाय. भिवा.”

चित्राला हे पटायला थोडा वेळ द्यावा तसा तो उभा राहिला. मग बाजूला सरकला.

“अन् ही अक्षता. आपल्या सूरजची बायको.”

अक्षतानं ओढणी डोक्यावर घेतली आणि हात जोडले.

“जयभीम, आत्याबाई.”