सुभेदारांच्या डोक्यातला पहारा

"माझ्या परवानगीबिगर माझ्या डोक्यात आजवर कोण शिरला न्हाई, शिरणारबी न्हाई," अशी घोषणा कुंडलचे निवृत्त सुभेदार नाथाजी यांनी केली, तेव्हा पत्नी अंबूबाई त्यांच्या कमरेखाली भांडं सरकवत होत्या.

मांडीच्या मोडलेल्या हाडाचं सांगलीत ऑपरेशन झालं होतं. आठ दिवसांत वॉकर धरून चालला नाहीत तर अंथरुणालाच खिळाल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण दुखणं हलू देईना, आणि त्यावर दिलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या अफूपासून बनतात, हे नाथाजींना कुठूनसं कळलं होतं.

सून क्रांती नर्स. ती म्हणाली, "मामा, मेंदूत चौक्या असत्यात. दुखणं अडवायला शरीर सोताचंच रसायन तितं बसवतं. गोळीचा आकार तसाच, म्हणून तीबी तितंच बसती."

"म्हंजे आपल्या वर्दीत परका माणूस. तीस वर्षं असलेच पकडले मी."

तरीही गोळ्या संपू लागल्या. कण्हणं मात्र तसंच. अंबूबाईंचा संशय शेजारच्या नानासोंवर गेला. कंबर धरून येणारा हा माणूस जाताना हसत कसा जातो? अफूनं डोळ्यातली बाहुली मोहरीएवढी बारीक होते, हे क्रांतीकडून ऐकल्यापासून त्या चहा देताना नानासोंच्या डोळ्यांत टक लावून बघत. नानासो घाबरले आणि तासगावला जाऊन मोतीबिंदू तपासून आले.

सातव्या दिवशी केर काढताना क्रांतीनं वॉकर उचलला. तो खुळखुळला. उंची कमी-जास्त करायच्या भोकांतून अकरा गोळ्या फरशीवर सांडल्या.

"आवं, ह्यो दारूगोळा कुणासाठी?" अंबूबाई म्हणाल्या.

नाथाजी हळूच म्हणाले, "एकदा गोळी चौकीत बसली आन् उठलीच न्हाई, तर मी कुणाच्या हुकमात?"

"उठती, मामा. काही तासांनी आपसूक निघती. लय दिस घेतली तर सवय लागती, म्हणून तर मोजून द्यायची आन् कमी करत आणायची. पहाऱ्याला मी हाय की."

नाथाजींनी गोळी गिळून तोंड उघडलं. अंबूबाईंनी जिभेखालीही तपासून घेतलं. तासाभरानं सुभेदार वॉकर धरून उभे राहिले आणि दारापर्यंत सहा पावलं गेले. दारात नानासो होते. अंबूबाईंनी त्यांना खाली बघूनच चहा दिला.

तीन दिवसांनी नाथाजी अंगणापर्यंत चालत आले. दोन्हीकडे नजर टाकून त्यांनी क्रांतीला जवळ बोलावलं.

"पोरी, ह्या चौक्या पोटातबी असत्यात का गं?"

"असत्यात की. आतड्यातबी."

"तितला पहारेकरी तीन दिस झोपलाय. जरा एरंडेल बघ. आन् नानासोला कळू देऊ नगंस."