चौथ्या खंडातले तीन अंक

क्लीव्हलंडच्या वेंडेल प्रोहास्काची आई लोरेटा तरुणपणी सुपरहिरोंच्या कॉमिक्समध्ये रंग भरायची, पण तिचं नाव कधी छापलं गेलं नाही. पुढे त्या अंकांचे जाडजूड खंड निघाले, तेव्हा चौथ्या खंडात तिचे तीन अंक नव्हतेच; प्रकाशकाला चांगली प्रत मिळाली नव्हती. वेंडेल आईने जपलेल्या प्रती घेऊन थेट न्यूयॉर्कला प्रकाशकाकडे गेला.

"प्रती घ्या, पण तिचं नाव छापा," त्याने बजावलं.

वर्षभराने नवी आवृत्ती आली. नव्वदीच्या लोरेटाने चष्मा चढवून आपलं नाव दोनदा वाचलं, मग एका पानावर बोट ठेवलं.

"हा लाल बघ. संपादक म्हणाला होता, फार भडक झालाय. मी हटले नाही!"

"बरं केलंस, आई," वेंडेल म्हणाला.