पुढे नुसती झाडं

गेलहेडच्या हटवर, म्हणजे डोंगरातल्या मुक्कामाच्या घरी, पोचल्यावर ओडेट कॉर्मियरने आधी बूट काढले, मग मोजे, मग स्वयंपाकघरातल्या पोराकडून थंड पाण्याची बादली मागून घेतली आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसून दोन्ही पाय तिच्यात सोडले. आता देव स्वतः बोलवायला आला तरी उठणार नाही, असं तिने उपस्थितांना सांगून टाकलं.

उपस्थितांमध्ये तिचा नवरा वेंडल होता, आणि कॉलेजातली चार पोरं होती. पोरं रात्रीचं जेवण आटोपून गेलहेडच्या माथ्यावर निघाली होती. हटपासून अर्ध्या तासाची चढण. बाकावरून मान वळवली की झाडीने भरलेला तो माथा समोरच दिसत होता.

"तुम्ही नाही येत?" त्यातल्या एका पोरीने विचारलं.

"ते माझं झालंय गं, तुझा जन्म व्हायच्या आधी," ओडेट म्हणाली. हे सांगताना तिला जे सुख झालं ते बादलीतल्या पाण्यापेक्षाही थंडगार होतं.

न्यू हॅम्पशरमध्ये चार हजार फुटांच्या वरची अठ्ठेचाळीस शिखरं आहेत. ती सगळी आपल्या पायांनी चढायची आणि आपल्या पायांनीच उतरायची, असं वेड तिकडे घरोघर असतं. गोरहॅमच्या शाळेची बस चालवता चालवता, सुट्ट्या आणि शनिवार-रविवार ओरबाडून, ओडेटने चव्वेचाळीस केली होती. उरलेली चार या एकाच फेरीत उरकायची, एका हटवरून दुसऱ्या हटवर मुक्काम करत, असा बेत होता. गारफील्ड आज सकाळीच झालं होतं. उद्या साउथ ट्विन आणि झीलंड. परवा सकाळी शेवटचं हेल. हेल मुद्दाम शेवटी ठेवलेलं, कारण ते सोपं आहे आणि पलीकडच्या वाटेने मुलगी रेने, जावई आणि दोन्ही नातवंडं केक घेऊन वर येणार होती.

वेंडलची यादी अकरा वर्षांपूर्वीच पुरी झाली होती. त्याबद्दल मिळालेला कापडी बिल्ला त्याने टोपीवर शिवून घेतला होता आणि ती टोपी घालून तो पेट्रोल पंपावरसुद्धा लोकांना अनाहूत सल्ले देत असे. त्याचा उजवा खुबा आता पार कामातून गेला होता. पुढच्या महिन्यात ऑपरेशन होतं, आणि त्यानंतर घरातले जिने चढलात तरी पुष्कळ झालं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तरी तो बायकोसोबत आला होता. हे ओडेटला मनापासून आवडलं होतं, आणि तसं तिने त्याला एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

"मी जरा पाय मोकळे करून येतो," वेंडल काठी उचलत म्हणाला.

"सकाळपासून बांधून ठेवले होते काय?"

"पोरं चाललीत तर जातो वरच्या पॉइंटपर्यंत. सूर्यास्त बघतो."

"जा. पडलास तर हाक मार, मी काही यायची नाही."

तो परत आला तेव्हा अंधार पडायला लागला होता. ओडेटने त्याच्यासाठी चॉकलेटचा केक झाकून ठेवला होता, तो त्याने बाजूला सारला. खुबा दुखतोय का विचारलं तर हो म्हणाला, आणि तिने दिलेली गोळी निमूटपणे गिळली. आपापल्या खाटेवर आडवं झाल्यावर तो एकदा "ओडेट" म्हणाला.

"काय?"

"काही नाही. झोप."

सकाळी ओडेट बुटाच्या नाड्या बांधताना गाणं म्हणत होती. गाणं तिचंच होतं आणि त्यात 'आता तीनच' एवढेच शब्द होते. साउथ ट्विनची चढण अशी, की जणू शिडीच भिंतीला टेकवून ठेवलीय. तिथे गाणं बंद पडलं, पण माथ्यावर पोचल्यावर 'आता दोनच' म्हणून ते पुन्हा सुरू झालं. वेंडल मागून गुमान येत होता. खुब्याचा त्रास, असं तिने धरलं आणि त्याच्या पाठीवरची पाण्याची बाटली काढून स्वतःच्या पिशवीत टाकली.

दुपारी झीलंडच्या माथ्यावरच्या लाकडी पाटीला हात लावून झाला आणि संध्याकाळी ती दोघं झीलंडच्या हटवर उतरली. हटशेजारीच धबधबा आहे. वेंडल पाण्याजवळ जाऊन बसला आणि ओडेट जेवायच्या लांब टेबलावर, प्रिसिला नावाच्या एका बाईंसमोर. बाई कनेक्टिकटच्या. मांडीवर नकाशा पसरलेला आणि तोंडाला खळ नाही.

"सगळ्यात जास्त लोक कुठे फसतात माहितीये?" सूप वाढून घेत प्रिसिलाबाई म्हणाल्या. "गेलहेडला! तो पॉइंट आहे ना, खाली हट दिसतं तिथून, तिथे जातात, फोटो काढतात आणि वळतात. खरा माथा पुढे आहे हो, झाडीत. दगडांची एवढीशी रास. तिथून दिसत काही नाही, म्हणून कोणी जात नाही."

ओडेटचा चमचा सुपातच राहिला.

ती आणि वेंडल गेलहेडला गेली तेव्हा त्यांची पोरं लहान होती, सासूबाईंकडे ठेवली होती. अंड्याची सँडविचं होती. तो पॉइंट, खाली हटचं छप्पर, आणि वेंडल खडकावर हातपाय पसरून म्हणाला होता, "झालं! पुढे नुसती झाडं आहेत." मग त्यांनी एकमेकांचा फोटो काढला होता. तो फोटो अजून फ्रीजच्या दारावर होता.

"समजा, कोणी चुकून वळलं तिथून," ओडेटने जमेल तितक्या साध्या आवाजात विचारलं, "तर ते धरायचं की नाही?"

"तपासायला कोण येतंय! ज्याचं त्याने ठरवायचं. मी नसतं धरलं बाई."

ओडेटनेही नसतं धरलं. काल संध्याकाळी अर्ध्या तासावर तो माथा होता आणि ती बादलीत पाय घालून त्याच्याकडे बघत बसली होती! तिला स्वतःचा इतका राग आला, की तिने प्रिसिलाबाईंच्या वाटचा पावसुद्धा खाऊन टाकला. आणि मग तिच्या ध्यानात आलं, की आपलं एक कमी झालं म्हणजे वेंडलचंही झालं. गेलहेडला तो तरी दुसऱ्यांदा कुठे गेला होता? काल गेला तोही पॉइंटपर्यंतच. तिला पुन्हा जाता येईल. त्याचा खुबा आता कसला जातोय. म्हणजे तो बिल्ला, ती टोपी, ते पेट्रोल पंपावरचे सल्ले, सगळं सत्तेचाळिसांवर कायमचं अडकणार.

तिने काय ते ठरवून टाकलं. उद्या हेलवर जायचं, केक कापायचा आणि तोंड बंद ठेवायचं. पुढे कधीतरी बहिणीकडे जाते म्हणून निघायचं, एकटीने गेलहेड करून यायचं आणि वेंडलला मरेपर्यंत कळू द्यायचं नाही. लग्नाला बेचाळीस वर्षं झाल्यावर आपण त्याच्यासाठी एवढं करतो आहोत, याचं तिला स्वतःलाच फार कौतुक वाटलं. वेंडल धबधब्यावरून आला तेव्हा तिने त्याच्याकडे अशा मायेने पाहिलं, की त्याने तोंडाला काही लागलंय का ते चाचपून बघितलं.

सकाळी हेलची वाट चढताना वेंडल दर वळणावर थांबत होता. माथा जवळ आला तसे वरून नातवंडांचे आवाज यायला लागले. शेवटच्या वळणावर वेंडल रिवाजाप्रमाणे बाजूला झाला. ज्याची यादी पुरी होतेय त्याने शेवटची पावलं सगळ्यांच्या पुढे टाकायची असतात.

ओडेट पुढे निघाली आणि त्याने तिच्या पिशवीचा पट्टा धरला.

"थांब. गेलहेड."

म्हणजे यालाही कोणीतरी सांगितलं! "जाऊ दे रे," ती घाईघाईने म्हणाली, "मला कालच कळलं, त्या नकाशावाल्या बाईकडून. मी कोणाला बोलणार नाहीये. तुझ्या बिल्ल्याला कोणी हात लावत नाही."

वेंडलने पट्टा सोडला. "तुला माहिती होतं? आणि माझ्यासाठी गप्प बसलीस?"

"मग काय तर!"

तो खाली मान घालून बुटांकडे बघायला लागला. "माझं झालंय, ओडेट."

"काय झालंय?"

"गेलहेड. परवा संध्याकाळी. पोरांबरोबर गेलो ना, तर ती पॉइंटवर टेकली आणि लगेच पुढे निघाली. म्हटलं, आता कुठे? म्हणाली, माथ्यावर. मग मीही गेलो. राशीला हात लावून आलो."

वर नातू "आजी! आजी!" करून कोकलत होता. ओडेटला ते ऐकू येत होतं, पण फार लांबून.

"आणि मी?"

"तू बादलीत पाय घालून बसली होतीस."

"अर्धा तास होता वेंडल! अर्धा तास! यायचं, सांगायचं, मी अनवाणी गेले असते!"

"तूच म्हणालीस, देव बोलवायला आला तरी…"

"तू देव आहेस का?"

"सकाळी सांगणार होतो," तो पुटपुटला. "सकाळी तू गाणं म्हणत होतीस."

तिला रडू आलं आणि त्याचाही तिला राग आला. त्याने लपवलं, ते एक वेळ चाललं असतं. अकरा वर्षं टोपी मिरवल्यावर कोणालाही लाज वाटेल. पण आधी याने स्वतःचं भरून घेतलं, आणि मग तिला तिथून तशीच उठवून पुढच्या डोंगरावर घातलं. आणि अशा माणसासाठी ती आदल्या रात्री मायेने विरघळली होती.

"आधी स्वतःचं करून आलास," ती म्हणाली.

"हो," वेंडल म्हणाला.

ती वळली आणि वर गेली. हेलच्या माथ्यावर दगडांचा मोठा ढीग आहे. तिने त्याला हात लावला, टाळ्या झाल्या, जावयाने फोटो काढले, रेनेने गळ्यात पडून डोळे पुसले. केकवर निळ्या क्रीमने ४८ लिहिलं होतं. ओडेटने त्यातला आठ बोटाने निपटून घेतला आणि खाल्ला.

"आई! काय करतेस?"

"सत्तेचाळीसच झालीत. का, ते तुझ्या बापाला विचार."

वेंडल तोवर लंगडत वर पोचला होता. त्याने सगळं सांगितलं. पॉइंट, सँडविच, पोरं, रास. काही गाळलं नाही. सांगून झाल्यावर नात म्हणाली, "म्हणजे आजोबा, परवापर्यंत तुमचा बिल्ला खोटा होता?"

"परवापर्यंत, हो." त्याने टोपी काढून हातात धरली. त्याच्या टकलावर ऊन पडलं.

"घाल ती टोपी," ओडेट म्हणाली. "भाजशील. आणि शनिवारी मोकळा राहा, गेलहेडला जायचंय. माझी पिशवी तू उचलायचीस."

"बाबांचा खुबा…" रेनेने सुरुवात केली.

"परवा चालला ना? शनिवारीही चालेल."

शनिवारी गेल नदीच्या वाटेने ती दोघं निघाली. ओडेट पुढे आणि वेंडल दोन पिशव्या घेऊन मागे. ती फक्त ओढ्यांपाशी थांबत होती, आणि तेही तो पाण्यात पडला तर पिशवी भिजेल म्हणून, असं तिने सांगितलं. हटवर त्यांनी पाणी घेतलं. बादली तिथेच भिंतीला टेकून होती. वेंडलने बादलीकडे बघायचं टाळलं.

पॉइंटवर पोचल्यावर ओडेटने काठीने खडक दाखवला. "बस इथे."

"मी येतो ना."

"तू तुझं एकट्याने केलंस. मीही माझं एकटीने करणार. सँडविच काढ आणि खात बस."

तो बसला. त्याच खडकावर, हातपाय न पसरता.

वाट झाडीत शिरली. दोन्ही बाजूंनी स्प्रूसच्या फांद्या बाह्यांना घासत होत्या आणि पायाखाली चिखल होता. थोड्याच वेळात वाट संपली आणि समोर गुडघ्याएवढी दगडांची रास आली. पाटी नाही, आकाशही धड दिसत नव्हतं. ओडेटने वरच्या दगडावर तळवा ठेवला.

अठ्ठेचाळीस.

आता आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण तो सांगायला तिथे कोणी नव्हतं. तिने उगाच राशीला एक फेरी घातली. वरचा एक दगड हलत होता, तो नीट बसवला. फोटो काढावा म्हटलं तर फोन वेंडलच्या पाठीवरच्या पिशवीत होता.

"वेंडल!" ती ओरडली. "ये इकडे!"

"तूच म्हणालीस ना, बस म्हणून!" झाडांतून आवाज आला.

"आता ये म्हणते!"

फांद्या मोडल्याचा आवाज झाला, मग काठीचा, मग एक शिवी, आणि वेंडल अर्धं खाल्लेलं सँडविच हातात धरून लंगडत आला. दुसरं, आख्खं, त्याने तिच्यासाठी खिशात आणलं होतं. ते तिला देऊन तो राशीला टेकून उभा राहिला आणि दम खात चहूकडे बघू लागला.

"नुसती झाडं," तो म्हणाला.

"हो," सँडविचचा कागद सोडवत ओडेट म्हणाली. "पण आता बघून म्हणतोयस."